बादशहाची बाही

थ्रेस्याने लाल मखमल ओसरीवर अंथरली, गुडघ्यांवर चारी बाजूंनी फिरून पाहिली आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "बहारीनच्या दुकानात उभा होतास, तेव्हा एका बाहीचं कापड जास्त मागायला जीभ झडली होती का?"

इनासू हसला. ते कापड त्याने सोफ्यासाठी आणलं होतं. बेटावर, गावी परत आल्यावर सोफ्याऐवजी बोटीला इंजिन आलं आणि मखमल माळ्यावर जाऊन बसली. माळ्यावर होती म्हणूनच वाचली. मोठ्या पुरात चर्चमागच्या खोलीतली नाटकाची पेटी पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर उघडली, तेव्हा फ्रान्सचा बादशहा, त्याचे सरदार, तुर्कांचा राजा आणि त्याची लाडकी लेक, सगळ्यांचे कपडे चिखलाच्या एकाच काळ्या गोळ्यात निघाले. बाकीच्यांचं कसंही भागतं. सरदाराला साटीनचा अंगरखा चालतो, लांबून कोण बघतंय. बादशहाला मात्र मखमलच लागते. थ्रेस्याच्या सासूने शिवलेला जुना कोट आजवर तीन बादशहांनी घातला होता. एक थकला की दुसऱ्यासाठी कोट उसवायचा, आत ठेवलेलं वीतभर कापड सोडायचं आणि पुन्हा शिवायचा. माणूस बदलायचा, कोट तोच. इनासू चौथा बादशहा, आणि त्याच्या नशिबी कोट यायच्या आधीच पाणी आलं.

आता संत सेबस्त्यानच्या सणाला नाटक पुन्हा उभं राहणार होतं, आणि कोट थ्रेस्याने शिवायचा होता. दुसऱ्या कोणी शिवतो म्हटलं असतं तर तिने त्याला जेट्टीवरून पाण्यात ढकललं असतं.

कापड कमी असलं की थ्रेस्याचं डोकं जास्त चाले. पाठीचा विचार तिने आधीच सोडून दिला. बादशहाच्या खांद्यावरून मागे लांब झूल सोडलेली असते, तिच्याखाली पाठ मखमलीची आहे की मैद्याच्या पोत्याची, ते देवाला आणि शिवणारीला ठाऊक. कॉलर तीन तुकड्यांची, जोडांवर जर. कॉलरच्या आतल्या बाजूला जुना परकर. एवढी काटकसर करून, पण शिवणींतलं रिवाजाचं वीतभर राखून, पुढचे दोन्ही पल्ले निघाले, एक बाही निघाली. दुसरी निघेना. उलटी ठेवली तर निघत होती, पण मखमलीला लव असते. एका बाहीची लव खाली आणि दुसरीची वर गेली की दिव्याखाली बादशहाचा एक हात लाल आणि एक काळा. एर्नाकुलमला जाऊन तिने सगळी दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने जवळपासचा रंग दाखवला आणि लांबून काही कळत नाही म्हणाला. थ्रेस्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने न बोलता ठाण गुंडाळून ठेवलं.

"मग आता काय करणार?" सुनेने, फिलोमिनाने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचा एक हात कापणार. नाटक युद्धाचंच आहे, शोभेल."

फिलोमिना हसली नाही. हल्ली तिला कशाचंच हसू येत नसे. थ्रेस्याच्या मते हा तिच्या माहेरचा गुण होता. ती माणसंच चिंचेच्या पाण्यात भिजवल्यासारखी.

थ्रेस्या दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. तिसरीत काय शिकवतात याची तिला पुढे कधी गरज पडली नाही. टेप तिने वापरली नाही. तिचं माप म्हणजे जाळं विणायची दोरी. प्रत्येक नटाची दोरी वेगळी, तिच्यावर छातीची गाठ, खांद्याची गाठ, हाताची गाठ. सगळ्या दोऱ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेल्या. ओणमच्या आधी तिने इनासूची दोरी बांधली होती, आणि त्या दोरीवरूनच बाही कमी पडत होती.

तालमी सुरू झाल्या. हे नाटक गातात तोंडाने, पण खेळतात पायांनी. लाकडी मंचावर पाय आपटत यायचं, आपटत भांडायचं, आपटतच मरायचं. फळ्या कोणाच्या पायाखाली कशा वाजतात यावर बेटावर माणसाची किंमत ठरे. इनासूचा बाप सरदार होता. त्याच्या पायाने एकदा फळी मोडली होती आणि मरेपर्यंत तो त्या फळीचा तुकडा पाहुण्यांना दाखवत असे. नाटकाचे गुरू पत्रोस आशान पोरांना आधी वाळूत उड्या मारायला लावत, पोटऱ्यांना गोळे येईपर्यंत. मंचावर पाय ठेवायची परवानगी त्यानंतर.

अस्तर बेतायला थ्रेस्याने इनासूला पुन्हा बोलावलं. दोरी छातीभोवती फिरवली तर गाठ पुढे सरकली. तिने दोरी झटकून पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"जेवतोस की नाही?"

"अम्मच्ची, आशान वाळूत नाचवतात. सगळेच वाळलेत."

खरं होतं ते. पण प्रधानाचं काम करणारा कोळंबीवाला लाझर तेवढ्याच उड्या मारत होता आणि त्याचं पोट जिथल्या तिथे होतं. थ्रेस्याने दोरीवर नवी गाठ मारली, जुनी सोडवली नाही. त्या दिवशी तिने मुलाला टॅपिओका आणि मत्ती माशाचं कालवण वाढलं आणि समोर बसून राहिली. त्याने निम्मं खाल्लं आणि बोटीच्या इंजिनाचा काही भाग आणायचा आहे म्हणून फिलोमिनाला घेऊन एर्नाकुलमच्या बसला गेला. गेल्या काही दिवसांत त्या इंजिनाला इतके भाग लागले होते, की एव्हाना त्याचं जहाज व्हायला हवं होतं. बायकोला बरोबर नेऊन इंजिनाचे भाग कोण आणतं, हा प्रश्न थ्रेस्याच्या मनात आला. तिने त्याला दारातच उभं ठेवलं, आत घेतलं नाही.

मखमलीला तिने अजून कात्री लावली नव्हती. वर्तमानपत्राचे कागद कापून, ते कापडावर ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून तिचा खेळ चालला होता. नाताळचे तारे घराघरांवर लटकले तेव्हा तिने इनासूचं शेवटचं माप घेतलं. दोरी धरताना तिची बोटं त्याच्या बरगड्यांवरून गेली. त्याने पोट आत घेतलं नव्हतं. पोट होतंच आत. तो काहीतरी विनोद सांगत होता आणि त्याचे डोळे हळदीच्या पाण्यासारखे दिसत होते. थ्रेस्या खाली बघून गाठ मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नव्हतं. तिने नव्या गाठीप्रमाणे कागद कापून बारीक केले. पुढचे पल्ले ठेवले. पहिली बाही ठेवली. दुसरी बाही सवयीने उलटी ठेवायला गेली आणि थांबली. सुलटी ठेवून पाहिली.

बसली. लव सरळ, कडेला चार बोटं कापडही उरलं.

मखमल वाढली नव्हती. ती होती तेवढीच होती. थ्रेस्या ओसरीवर तशीच बसून राहिली. मासेवाली फाटकातून हाका मारून गेली, तरी तिला उठता आलं नाही. इतके महिने जी बाही निघावी म्हणून तिने देवाच्या आईला मेणबत्त्या लावल्या होत्या, ती समोर निघालेली होती आणि तिला वाटत होतं, कोणीतरी येऊन ते कापड फाडून टाकावं, उंदरांनी खावं, पुन्हा कमी पडावं.

मग तिने कात्री घेतली आणि कापलं.

त्या दिवसापासून कापड कमी आहे म्हणून ती पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडू लागली. सुनेला ओरडली, आशानांना ओरडली, चर्चच्या पायरीवर भेटेल त्याला बहारीनच्या दुकानदारांची लबाडी सांगितली. कापडासाठी इतकी भांडणारी बाई दुसरं काही ओळखून असेल, असं कोणाच्या मनात येईना. इनासू आणि फिलोमिना एकमेकांकडे बघत आणि सुस्कारा सोडत. म्हातारीला कळलेलं नाही, बरं आहे.

कोट शिवताना थ्रेस्याने एकच ठरवलं. गावाला तिचा मुलगा वाळलेला दिसणार नाही. तिने दोन उशा फोडल्या. खांद्यात कापूस भरला, छातीत भरला, दंडात भरला, आणि कापूस सरकू नये म्हणून पोत्याच्या तुकड्यांवर आडवे-उभे टाके घातले. वर मखमल, मखमलीवर जर, जरीवर टिकल्या. कोट भिंतीवर टांगला तर आत माणूस नसतानाही बादशहा उभा आहे असं वाटे. शेजारची मरियाकुट्टी बघून तोंडावर हात ठेवून गेली. थ्रेस्याला बरं वाटलं. का वाटू नये?

रंगीत तालमीला इनासूने कोट घातला. तो पहिला इनासू दिसला, लग्नातला. आशानांनी झांजा वाजवल्या. बादशहाच्या प्रवेशाची पावलं भारी असतात, आधी डावा, मग उजवा दोनदा, मग उडी. इनासूने डावा टाकला, उजवा टाकला, उडीला त्याचा पाय फळीपासून सुटलाच नाही. त्याने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी तो मंचाच्या पायरीवर बसला आणि बसूनच राहिला.

आशान थ्रेस्याजवळ आले. कोट फार जड आहे म्हणाले. हलका करता येत नसेल तर लाझरला उभं करू, त्याला सगळी पदं पाठ आहेत.

"लाझरला तुमच्या मुलीच्या लग्नात बादशहा करा, आशान," थ्रेस्या म्हणाली. "माझ्या कोटात माझा मुलगा उभा राहील."

घरी आल्यावर इनासू कोट मांडीवर घेऊन बसला आणि त्याच्या छातीवर हात दाबून आतला कापूस चाचपला.

"अम्मच्ची, हे काढ."

"काढलं तर बुजगावणं दिसशील."

"दिसू दे."

"चर्चच्या अंगणात सगळं बेट बसलेलं असणार, मोने."

"बसू दे. दिसणं जाऊ दे गं. माझा पाय वाजला पाहिजे. एकदा नीट वाजला पाहिजे."

तिने कोट त्याच्या मांडीवरून ओढून घेतला आणि उसवायला बसली. कापूस निघाला, पोतं निघालं, निम्मी जर निघाली. उचलून पाहिला. अजून जड. मखमलच जड होती. मग तिने कोट उलटा केला. शिवणींच्या आत रिवाजाप्रमाणे वीतभर कापड दुमडून ठेवलेलं होतं, पुढच्या बादशहासाठी. बगलेत, कमरेत, दोन्ही बाह्यांत. सासूने तिला सुई धरायला शिकवली तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकवली होती, आत ठेव, पुढच्याला लागेल.

तिने ते सगळं कापलं. अगदी शिवणीपर्यंत. मखमल कडेने उसवत जाते, म्हणून प्रत्येक कड बारीक टाक्यांनी बांधून घेतली. कापलेल्या लाल पट्ट्यांचा ढीग चुलीमागे टाकला. कोट आता एका माणसाचा होता.

सणाच्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. थ्रेस्या मंचाच्या बाजूला, पडद्याआड, सुई-दोरा घेऊन बसली. ती तिची नेहमीची जागा. नाटकात काय उसवेल सांगता येत नाही. आशानांनी झांजा उचलल्या आणि बादशहा आला.

लोकांत एक हालचाल झाली. सगळ्यांना दिसलं. लाल कोटात खांद्याची हाडं दिसली, कॉलरमधून वर आलेली मान दिसली. पहिल्या रांगेत कोणीतरी श्वास ओढून घेतला. थ्रेस्याने मान खाली घातली नाही. मग डावा पाय पडला, उजवा दोनदा, आणि उडी. फळी वाजली. बापासारखी नाही, पण कोरडी, स्वच्छ वाजली, अंगणाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेली. इनासू गायला लागला. पहिला दरबार त्याने पूर्ण केला. तुर्कांच्या वकिलाला त्याने असं हाकललं, की मागची पोरं शिट्या मारायला लागली.

दरबार संपला आणि तो पडद्याआड आला. आला म्हणजे, दोघांनी धरून आणला. त्याला बाकावर बसवलं. फिलोमिनाने पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला तर पाणी हनुवटीवरून गेलं. पुढे युद्ध होतं. आशानांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि लाझरला खूण केली. मग हळूच इनासूच्या कोटाचे हूक काढले.

लाझरने हात घातला. बाही कोपराशी अडली. त्याने दुसरा घालून पाहिला, तोही तिथेच. पुढचे पल्ले त्याच्या पोटावर एकमेकांपासून हातभर लांब राहिले.

"चेडत्ती, उसवा पटकन," आशान म्हणाले. "बगलेतलं सोडा, कमरेतलं सोडा. कच्चा टाका घाला, चालेल."

थ्रेस्या जागची हलली नाही.

"उसवून काही मिळायचं नाही," ती म्हणाली. "आत काही ठेवलेलं नाही."

आशानांना ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी स्वतःच बाही उलटी केली, शिवण बोटाने चाचपली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. या बेटावर बादशहाचा कोट असा कोणी शिवला नव्हता. असा कोट शिवणं म्हणजे पुढचा बादशहाच नाही म्हणण्यासारखं. थ्रेस्याच्या घराण्याची ती नाचक्की होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने टाक्याटाक्याने केली होती.

बाकावरून इनासू बघत होता. "का नाही ठेवलंस?"

तिने हातातला दोरा सुईभोवती गुंडाळला.

"अम्मच्ची. तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसरी बाही निघाली तेव्हापासून."

फिलोमिनाने पेला खाली ठेवला आणि पदर तोंडात कोंबला. बाहेर झांजा वाजत होत्या, लोक वाट बघत होते. आशानांनी लाझरच्या डोक्यावर बादशहाचा मुकुट ठेवला आणि त्याला प्रधानाच्या हिरव्या कोटातच मंचावर ढकललं. लोक थोडे हसले, मग गप्प झाले, मग युद्ध सुरू झालं. लाझरच्या पायाखाली मंच नगाऱ्यासारखा वाजत होता.

इनासूने लाल कोट मागितला. वारा पाण्यावरून येत होता आणि त्याला हुडहुडी भरली होती. थ्रेस्याने एक हात घातला, दुसरा घातला. कोट बसला. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. आयुष्यात तिने इतका नीट बसलेला कपडा शिवला नव्हता. ती खालून एकेक हूक लावत वर आली आणि शेवटच्या हुकाशी थांबली. तेव्हा इनासूने स्वतःच तो लावून घेतला.

"चांगला झालाय," तो म्हणाला.

"कापड चांगलं होतं," ती म्हणाली.

उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी तो गेला. सकाळी गेला. बायका जमल्या, पाणी तापलं, आणि मरियाकुट्टीने, तिच्या मनात वाईट नव्हतं, विचारलं की त्याला तो लाल कोटच घालावा का. सगळ्या गावाने त्याला त्यातच शेवटचं पाहिलं. किती शोभला होता.

"कोट बादशहाचा आहे," थ्रेस्या म्हणाली. "माझा मुलगा शर्ट घालायचा."

पांढरा शर्ट ट्रंकेत होता, गेल्याच्या आधीच्या नाताळला घेतलेला. तिने तो त्याच्या अंगावर धरून पाहिला. दोन्ही बाजूंनी हात-हात सैल. दोरी तिने घेतली नाही. दोन्ही पंजे त्याच्या छातीच्या बाजूंना ठेवले, तेवढंच अंतर हवेत तसंच धरून ओसरीवर आली आणि शिवणाच्या मशीनपाशी बसली. पंजे शर्टावर टेकवून फिलोमिनाला म्हणाली, खूण कर. फिलोमिनाने खडूने रेघ मारली. मग ती जमिनीवर बसून कापड धरत राहिली, सासूला हवं तसं, न सांगता.

आत बायका प्रार्थना म्हणत होत्या. चर्चमधून अच्चन, पाद्री, यायची वेळ झाली होती. मरियाकुट्टी दारात आली आणि घुटमळली.

"चेडत्ती, राहू दे आता. वरून फुलं येणार. बाजूची शिवण कोणाला दिसतेय?"

"मला दिसतेय," थ्रेस्या म्हणाली, आणि दुसरी बाजू सुईखाली घेतली.